तुम्ही विचारलंत म्हणून: हात वर करून चालत नाही का?

पालकसभा असो की स्टाफरूममधला चहा, कपाटातली निळी पेटी दिसली की प्रश्न ठरलेला. "बाई, मुलांच्या हातात हे रिमोट कशाला? हात वर करायला सांगितलं तर होत नाही का?"

होतं की. मीही कित्येक वर्षं तेच करत होते.

पेटीत साबणाच्या वडीएवढे ६० रिमोट आहेत. एका ट्रस्टने दिलेले. लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखा रिसीव्हर लावायचा, फळ्यावर प्रश्न टाकायचा, मुलं ए, बी, सी, डी यातलं एक बटण दाबतात. टीव्हीवर प्रेक्षकांचा कौल घेतात ना, तीच जात. कुणी काय दाबलं ते मला दिसतं, वर्गाला दिसत नाही. सगळी गंमत या एवढ्यातच आहे.

नववीचा पहिलाच धडा, गतीचे नियम. मी विचारलं, लोकल सरळ रुळावर एकसारख्या वेगाने धावतेय, दारं-खिडक्या बंद आहेत, डब्यात उभं राहून नाणं सरळ वर उडवलं. पडेल कुठे? हातात, मागे, पुढे, की सांगता येत नाही?

आधी हात मागितले. 'हातात' म्हणताच पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात गेला, तिच्यामागे दोन, आणि मग भरती आल्यासारखे चाळीसेक. मागची पोरं फळ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती. उत्तर न सांगता म्हटलं, आता हेच रिमोटवर. ५२ जणांपैकी 'हातात' म्हणणारे निघाले १९. 'मागे' म्हणणारे २७! निम्म्याहून जास्त वर्गाला वाटत होतं की नाणं हवेत गेलं की गाडी त्याला सोडून पुढे निघून जाते. हात मोजून मी खुशाल दुसरा नियम शिकवायला घेतला असता.

मग म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं वर्गाचा कुर्ला स्टेशन झाला. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा तावातावाने सांगत होता, "अरे, मी लोकलमध्ये शेंगदाणे उडवून खातो ना, ते तोंडातच पडतात. मागच्या काकांच्या डोक्यावर पडतात का?" दुसऱ्या फेरीत 'हातात'वर ४१. जडत्वाची, म्हणजे वस्तू आहे त्याच गतीत राहू पाहते त्या गुणाची, व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. तेवढ्यात मागून आवाज, "बाई, नाणं वर असताना ब्रेक मारला तर?" मग तर ते पुढे पडणार, पण ते मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न आयता मिळाला होता.

ही युक्ती माझी नव्हे. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये तिची सुरुवात केली, तीही रिमोटशिवाय. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची आणि न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांना अडायची. एकीने तर विचारलं होतं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? आमच्या वर्गात हात आणि बटण यांत जो फरक पडला, तो हाच. माझूर यांचा हिशेब असा: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर मुलांना आपसांत बोलू द्या, कमी आली तर पुन्हा समजावा, जास्त आली तर पुढे चला. आमचे १९ म्हणजे ३७ टक्के, काठावर पास.

माझ्या चुका मात्र माझ्याच. पहिल्या वर्षी मी बटणांना मार्क जोडले. आठवड्यात कुजबूज सुरू, आणि एक पठ्ठ्या दोन्ही हातांत रिमोट घेऊन गैरहजर मित्राची प्रॉक्सी मारताना सापडला. मार्क काढले, खरी उत्तरं परत आली. दुसरी चूक, पहिल्या फेरीचा आलेख मी लगेच पडद्यावर दाखवायचे. मग चर्चा कसली, दुसऱ्या फेरीत सगळे सर्वांत उंच पट्टीवर जाऊन बसायचे, ती चुकीची असली तरी. आता दुसरी फेरी होईपर्यंत पडदा बंद.

पोर्शन कधी संपवता, हेही विचारतात. एका प्रश्नाला सात-आठ मिनिटं जातात, म्हणून ३५ मिनिटांच्या तासाला मी दोनच घेते. वेळ खातं ते चुकीचे पर्याय लिहिणं. मी मनाने रचलेल्या पर्यायांना कुणी फसत नाही. म्हणून पेपर तपासताना मुलांच्या चुका एका वहीत टिपते. 'मागे' हा पर्याय तिथूनच आला.

रिमोटला पैसे नाहीत? मग प्लिकर्सची कार्डं छापा. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, चौकोनी नक्षीचं. जे उत्तर हवं ती बाजू वर धरायची आणि बाईंनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. बाजूंवरची ए, बी, सी, डी ही अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन करून आणलं, तर ट्यूबलाइट त्यावर अशी चमकली की मोबाइलला अर्धा वर्ग दिसेना. मॅट करा, नाहीतर साधा जाड कागद बरा.

आणि पेटीच हवी असेल तर शुक्रवारी ती कुणी वापरत नाही. खुशाल न्या. १७ नंबरचा रिमोट तेवढा बाजूला ठेवा, त्याचं सी बटण दाबलं की बी लागतं.