कप कुठे गेला, हे तुम्ही विचारलंत म्हणून

‘कपाचं माप सांगा ना, ग्रॅमचं काय घेऊन बसलात?’ केकची कृती दिली की हा प्रश्न येतोच. ‘काटा लागतो म्हणजे हात बसलेला नाही,’ हेही ऐकून झालंय. तर एकदाच सांगते.

पंधरा वर्षं मी कपानंच केक केले, आणि चांगले झाले. मैदा काट्यावर तोलणाऱ्यांना मी हसायचे. ‘प्रयोगशाळा आहे का?’ हे वाक्य माझंच.

मग दादाचा पन्नासावा वाढदिवस आला. केक मी करणार, हे मीच जाहीर केलेलं. त्याच्या घरी, वहिनीच्या ओट्यावर, पण कप माझाच. कृती तोंडपाठ: तीन कप मैदा. एरवी मी मैदा चमच्यानं हलका करून कपात टाकते आणि वरून सुरीनं सपाट करते. त्या दिवशी पाहुणे यायला लागले होते. कप सरळ डब्यात खुपसला, ओट्यावर दोनदा आपटला, पुन्हा वरपर्यंत भरला. मिश्रण घट्ट वाटलं. तरी टिनमध्ये ओतलं. ओतलं कसलं, चमच्यानं ढकललं. केक मधोमध फुगून तडकला. कापताना सुरीखाली नुसता चुरा. दादानं दोन तुकडे खाल्ले आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी ओव्हनला दोष दिला. ओव्हन वहिनीचा, म्हणजे दोष कुणाकडे गेला ते आलंच.

घरी येऊन काटा मागवला. कप तोच. चमच्यानं भरला: १२१ ग्रॅम. खुपसून: १४८. खुपसून, आपटून, पुन्हा भरून: १६३. बेचाळीसचा फरक, तीन वेळा. एक अख्खा कप मैदा मी जास्तीचा घातला होता, आणि तोही मोजून!

बरं, कप तरी एकच असावा? अमेरिकी कप २४० मिलीलिटरच्या आसपास, ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. ‘एक कप चाळलेला मैदा’ (आधी चाळायचा, मग मोजायचा) आणि ‘एक कप मैदा, चाळून’ (आधी मोजायचा, मग चाळायचा) ही दोन वेगळी मापं आहेत, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. कपाला चिकटलेला मध खरवडण्याबद्दल तर बोलतच नाही.

आता कबुली. सोडा मी अजून चमच्यानंच घेते. चिमूटभर टाकलं तर माझा काटा ढिम्म हलत नाही. आणि ग्रॅम तंतोतंत असूनही पावाची कणीक हाताला चिकटून बसलेली आहे, कारण दमट हवेत पिठाला कमी पाणी पुरतं. ते बोटांनाच कळतं.

मग त्या दिवशी बोटांना कळलं नव्हतं का? कळलं होतं की. ‘मोजलंय ना’ म्हणून मी पुढे रेटलं. उद्या काट्याच्या भरवशावर हेच करणार नाही कशावरून?

वहिनी अजूनही तो ओव्हन ‘जास्त तापतो’ म्हणून वीस अंश कमीच ठेवते. तिला मी काही सांगितलेलं नाही.