दहावीचा अभ्यास: वाचून झालं, आता पुस्तक मिटवा

'दिवसभर पुस्तक घेऊनच तर बसला राहते, पण पेपरात काही आठवत नाही म्हणते.' नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, दहावीचं मूल असलेल्या घरात हे वाक्य ऑक्टोबरपर्यंत एकदा तरी निघतंच. मग मुलाच्या एकाग्रतेवर, मोबाइलवर नाहीतर क्लासवर खापर फुटतं. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशाचाच नसतो. मूल खरंच बसलेलं असतं आणि वाचतही असतं. तोच धडा ते तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचतं, आणि घोळ तिथेच असतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग आज अभिजात मानला जातो. विद्यार्थ्यांना छोटे शास्त्रीय उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, म्हणजे सरासरी १४ वेळा डोळ्यांखालून घातला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात साधारण तीनदा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत अशी की 'आठवड्याने किती आठवेल?' असं आधी विचारलं तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो, आणि त्यालाच मूल 'येतं' समजतं. रात्री आईने विचारलं की 'हो, झाला तो धडा' म्हणतं. ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटत असतं.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धती पुराव्यांवर तोलल्या. सर्वाधिक उपयुक्त ठरल्या दोनच: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने वाटणं. पुन्हा वाचणं आणि ओळींखाली रेघा ओढणं या दोन्ही तळाच्या गटात गेल्या. सीताबर्डीहून आणलेला सहा रंगांच्या हायलायटरचा संच टाकून देऊ नका, पण त्याच्याकडून मार्कांची अपेक्षाही ठेवू नका.

प्रत्यक्षात करायचं कसं, ते विज्ञान भाग १ मधल्या पहिल्याच धड्यावर, गुरुत्वाकर्षणावर, बघू. अख्खा धडा एका बैठकीत घ्यायचा नाही. केप्लरच्या नियमांपासून न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतापर्यंतचा भाग २०-२५ मिनिटं नीट समजून वाचायचा. मग पुस्तक मिटवून दुसऱ्या खोलीत ठेवायचं, कारण ते हाताशी असलं की नजर जातेच. कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल तसं लिहायचं: तिन्ही नियम, सूत्र, सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ, आकृती. क्रम चुकला तरी चालेल. पेन थांबलं की लगेच पुस्तकाकडे धावायचं नाही, दोनेक मिनिटं ताण द्यायचा. ती दोन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

नंतर पुस्तक उघडून लाल पेनाने तपासायचं. ही पायरी गाळली तर चूकच पाठ होते. या धड्यात पोरं हमखास कुठे अडकतात? केप्लरचा तिसरा नियम सूत्रात बरोबर लिहितात, पण कशाचा वर्ग कशाच्या घनाच्या प्रमाणात, हे शब्दांत सांगता येत नाही. पुढच्या भागात वजनाचं एकक किलोग्रॅम लिहून मोकळी होतात, तिथे न्यूटन हवं. ध्रुवावर गुरुत्वत्वरण g ९.८३२ आणि विषुववृत्तावर ९.७८ हे आकडे पाठ असतात, फरक का पडतो ते नसतं. म्हणून तपासताना प्रत्येक विधानापुढे 'का?' लिहायचं आणि त्याचं एका ओळीत उत्तर द्यायचं. जे सुटलं तेवढाच भाग पुन्हा वाचायचा, सगळा धडा नाही.

मनातल्या मनात आठवून बघणं शक्यतो टाळा. मन फार सवलत देतं, अर्ध्या आठवलेल्यालाही पूर्ण मार्क देऊन टाकतं. कागदावर लिहा किंवा मोठ्याने कुणाला तरी सांगा. घरच्यांनी विचारायचं असेल तर 'मुक्तिवेग येतो ना?' असं नको. 'मुक्तिवेग म्हणजे काय, आणि पृथ्वीसाठी किती?' असं विचारा. उत्तर ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद, हे आजोबांनाही पुस्तकात बघून ताडता येतं. विचारणाऱ्याला विज्ञान यायलाच हवं असं नाही.

आता अंतराचं. १८८५ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरलं जातं. उजळणी नेमकी कधी करावी, हे सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५४ लोकांवर तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर उत्तम. परीक्षा वर्षभर लांब असेल तर तीनेक आठवड्यांचं. म्हणजे परीक्षा जितकी दूर, तितकं अंतर मोठं.

विदर्भात हे जास्त बोचतं. उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि क्लासवाल्यांच्या सुट्टीतल्या बॅचेस एप्रिलमध्येच धडाक्यात तीन-चार धडे उरकतात. मे आणि निम्मा जून त्यांना कुणी हात लावत नाही. जुलैत मूल त्या धड्यांकडे नव्याने बघितल्यासारखं बघतं आणि 'फी भरली ती गेली कुठे?' असा प्रश्न पडतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कुणी सहा तास बसावं असं म्हणत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, पुरतात.

यासाठी बुटाचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याने त्याचे तीन कप्पे करा: रोज, आठवडा, महिना. जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. नवीन चिठ्ठी 'रोज'मध्ये जाते. सलग दोनदा बरोबर आली की 'आठवडा'मध्ये, तिथेही दोनदा आली की 'महिना'मध्ये. चुकली की कुठूनही थेट 'रोज'मध्ये परत. दिवसाला नव्या चिठ्ठ्या १० पेक्षा जास्त करू नका, नाहीतर पंधरा दिवसांत पहिला कप्पा फुगतो आणि खोकं पलंगाखाली जातं. चिठ्ठ्या मुलानेच लिहायच्या. आईने सुवाच्य अक्षरात करून दिल्या तर अभ्यास आईचा होतो.

गणिताची तऱ्हा वेगळी. पाठ्यपुस्तकातल्या सूत्र पद्धतीच्या सरावसंचात सगळी वर्गसमीकरणं सूत्रानेच सोडवायची असतात, म्हणजे पद्धत कोणती हे शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. बोर्डाच्या पेपरात असं कुणी सांगत नाही. रोहरर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांमध्ये प्रयोग केला. काही वर्गांना एका प्रकारची गणितं सलग, काहींना तीच गणितं मिसळून. महिन्याने अचानक परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सोडवणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के, सलग सोडवणाऱ्यांना ३८. घरी करायला सोपं आहे: वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता यांतली प्रत्येकी तीन गणितं वहीत आलटून पालटून उतरवा. सोडवण्याआधी प्रत्येकाशेजारी पद्धतीचं नाव लिहायला लावा. सुरुवातीला चुका वाढतात, वेग घटतो, मूल कुरकुरतं. इथेच बरेच पालक माघार घेतात. तीनेक आठवडे तरी घेऊ नका. धडा अगदी नवा असेल तेव्हा मात्र पहिली चार-पाच गणितं सलगच करावीत, पद्धत हातात बसल्याशिवाय मिसळून उपयोग नाही.

इतक्या चाचण्यांनी मुलं धास्तावणार नाहीत का? अमेरिकेतल्या १४०८ शालेय विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ७२ टक्क्यांनी उलट सांगितलं, की अशा सरावामुळे परीक्षेची धास्ती कमी झाली. अट एकच: या चाचणीला मार्क नसावेत. घरच्या कागदावरचे लाल शेरे रविवारी आलेल्या काकांना दाखवले की मामला बिघडतो.

उरली झोप. पहाटे चारला उठून अभ्यास करणं हे आपल्याकडे पुण्यकर्म समजलं जातं. पण वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं. नवाला क्लासमधून आलेलं मूल साडेदहाला आडवं झालं तरी त्याला लगेच झोप लागेलच असं नाही. साडेअकराला झोपून साडेचारला उठलं तर झाले पाच तास. १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागतात. २०१३ च्या एका अभ्यासात ५३५ किशोरांनी १४ दिवस नोंदी ठेवल्या. नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी झोप कापली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणं आणि चाचणी बिघडणं या तक्रारी वाढल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हटलं, पण ते चौथीपर्यंतच. दहावीचं मूल सातच्या शाळेला जातच राहणार, तेव्हा वेळ कापायचा तर रात्रीच्या चौथ्या वाचनातून कापा. दुपारची डुलकी २०-३० मिनिटं आणि चारच्या आत. कूलरसमोर सहापर्यंत झोपलेलं मूल रात्री एकपर्यंत जागंच राहतं.

झोप पुरेशी मिळते, पद्धतही बदलली, तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प गप्प आहे, खाणं सुटलंय, मित्र टाळतंय किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलतंय, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे खोकं आणि चिठ्ठ्या बाजूला ठेवा. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत न्या. त्याआधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.