वेणी आत घे

माहेरी साताऱ्यात दुपारची झोप हा माझा वडिलोपार्जित हक्क आहे. परवा नुकता डोळा लागत होता, तर भाचा शेजारी किंचाळला, "अरे कव्हर घे, कव्हर! उघड्यावर काय पळतोयस!" मी दचकून उठले. तेवढ्यात आतून त्याच्या आईची हाक आली आणि त्याने मोबाइल माझ्या हातात कोंबला. "आत्या, भिंतीमागे नुसती उभी राहा. बाकी काही करू नकोस."

हे मला उत्तम जमतं.

बीजीएमआय होतं, मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. पडद्यावरची बाई भिंतीला नाक लावून उभी. मी अंगठा जरा सरकवला, तर भिंतीपलीकडचं गवत, गवतातून सरपटत येणारा एकजण, सगळं लख्ख दिसलं. हिच्या नाकासमोर भिंत, मग मला कसं दिसतंय?

"कॅमेरा तिच्या खांद्यामागे असतो," दादा पेपरआडून म्हणाला. "टीपीपी, म्हणजे थर्ड पर्सन. एफपीपीत, म्हणजे फर्स्ट पर्सनमध्ये, खेळलीस तर तिच्याच डोळ्यांनी बघायचं, मग डोकं बाहेर काढल्याशिवाय काही दिसत नाही."

म्हणजे फुकटची नजर! आमच्या लपाछपीत अशी चैन नव्हती. न्हाणीघरातल्या बंबामागे मी आणि दादा अंग चोरून बसायचो, फ्रॉकला काजळी. राज्य कुठवर आलंय ते बघायला एक डोळा तरी बाहेर काढावा लागायचा. डोळ्याबरोबर नाक यायचं, नाकापाठोपाठ लाल रिबिनीची वेणी. "वेणी आत घे!" दादा दात-ओठ खात कुजबुजायचा, आणि त्या कुजबुजीनेच आम्ही सापडायचो. दादाची युक्ती वेगळी होती. शेजारच्या पोराशी शर्ट बदलायचा आणि भिंतीआडून फक्त कोपर दाखवायचं. राज्यवाला चुकीचं नाव घ्यायचा, की राज्य परत त्याच्यावर. आम्ही तीन दिवस एकाच पोराला रडवलं होतं. त्याची आई भांडायला आली तेव्हा मात्र दोघंही खरंच लपलो.

दादाला आता चेव आला होता. 1995 सालच्या टाइम क्रायसिस या बंदुकीच्या गेमच्या मशीनला म्हणे पायाशी पेडल होतं. दाबलं की माणूस आडोशातून बाहेर येऊन गोळ्या झाडणार, सोडलं की लपणार, आणि लपला की बंदूक भरली जाणार. घड्याळ मात्र चालूच, त्यामुळे कायमचं लपून बसायची सोय नाही. मग 2006 मध्ये गिअर्स ऑफ वॉर हा गेम आला आणि भिंतीला पाठ चिकटवून लढणं सगळीकडे झालं. त्यात पळायचं आणि चिकटायचं बटण एकच, म्हणून जीव घेऊन पळताना हा भलत्याच भिंतीला जाऊन चिकटायचा. "आणि खोलीत शिरल्यावर कमरेएवढ्या भिंती मांडलेल्या दिसल्या ना, की समजायचं, आता गोळीबार." पानं मांडलेली दिसली की पंगत बसणारच, तसं.

"भिंत फुटत नाही का रे?"

"काही गेममध्ये फुटते." त्याने खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे हनुवटी केली. 1700 साली औरंगजेबाच्या फौजेने तटाखाली सुरुंग पेरले होते. त्यातल्या एकाने तट आत न पडता उलटा बाहेर, खाली चढाईला टपून बसलेल्या मोगलांवरच कोसळला. हे दादा शाळेपासून सांगतो आणि दर वेळी तितकाच खूश होतो.

मी मात्र खांबवाली. मंगल कार्यालयात गेले की आधी खांबामागची खुर्ची धरते. आमच्या एक काकू आहेत, त्या दिसल्या की "किती गं सुटलीस!" एवढंच बोलतात, पण माइकशिवाय अख्ख्या हॉलला ऐकू जातं. त्या गेल्या का ते बघायला मी डोकं काढते आणि नेमकी नजरानजर होते. तिथे खांद्यामागे कॅमेरा असता तर मी पंगतीला पोटभर जेवले असते.

तोवर गवतातला तो अगदी भिंतीपाशी आला होता. भाचा धावत आला. पडद्यावरची बाई आडवी पडलेली.

"आत्या! समोर दिसत होता ना? मारलं का नाहीस?"

"काही करू नकोस म्हणालास. आणि मी ओरडले होते ना, दिसलास म्हणून!"

दादाने पेपर आणखी वर ओढला. कडेवरून त्याचा एक डोळा तेवढा दिसत होता.