पाटीवरचे पस्तीस

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाई प्रसूती रजेवर गेल्या. रजा १८० दिवसांची. चार वर्ग आणि मागे उरले एकटे गुरुजी. गावाने वर्गणी काढली आणि डी.एड. झालेल्या गावच्याच एका मुलीला महिना पाच हजारांवर उभं केलं. मुलं तिला ताई म्हणू लागली.

केंद्रप्रमुख म्हणून शाळाभेटीला गेलो तेव्हा ती तिसरीला हातच्याची वजाबाकी देत होती. मी मागे सतरंजीवर मुलांत जाऊन बसलो. फळ्यावर ५२ − २७. शेजारच्या मुलीच्या पाटीवर उत्तर ३५. ताईने फुली मारली. पुढच्या पाटीवरही ३५, त्यालाही फुली.

मी त्या मुलीला हळूच विचारलं, "कसं केलंस गं?"

"मोठ्यातून लहान वजा करायचं. सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन."

"असं कुणी सांगितलं?"

"ताईंनी."

ताईच्या कानावर ते पडलं. खडू हातात तसाच राहिला. "सर, हे मीच सांगितलंय. हातच्याच्या आधीच्या गणितांना..." पुढे तिला बोलवेना.

एरवी मी शेरेबहीत 'वजाबाकीचा सराव घ्यावा' असं लिहून निघालो असतो. त्या दिवशी बही उघडलीच नाही. सरावाने तो नियम मुलांच्या डोक्यात आणखी पक्का झाला असता. गणित शिकवायच्या साहित्याची पेटी कपाटात होती, पण चावी रजेवरच्या बाईंकडे. मग खराट्याच्या काड्या मोडल्या, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. पाच जुड्या, दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे," ताई त्या मुलीला म्हणाली. मुलीने आधी दोन जुड्या दिल्या. मग सात सुट्या काड्या शोधू लागली. हातात दोनच. इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी काही सांगायच्या आत एका जुडीचा दोरा सोडला. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि पाटीवरचे ३५ तळहाताने पुसून तिने २५ लिहिले.

मधल्या सुट्टीत ताई म्हणाली, "तीन महिन्यांत माझा तास बघायला आलेले तुम्ही पहिलेच." खरं होतं ते. प्रशिक्षणाची यादी शालार्थ क्रमांकावरून, म्हणजे सरकारी पगाराच्या प्रणालीतल्या शिक्षकाच्या क्रमांकावरून निघते, आणि हिला क्रमांकच नाही. केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीला, शिक्षण परिषदेला, मीही फक्त कायम शिक्षकांनाच बोलवत आलो होतो. पण जी मुलं सहा महिने हिच्यासमोर बसतात, त्यांची तिसरी काही पुन्हा येणार नाही. दुसऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मदत मिळायला हवी; आपण तीच टाळतो.

पुढच्या परिषदेच्या हजेरीपटात शेवटच्या नावाखाली मी तिचं नाव हाताने लिहिलं. क्रमांकाच्या रकान्यात रेघ. तिला वीस मिनिटं दिली. तिने आधी फळ्यावर ३५ लिहिलं, मग ते कुठून आलं ते सांगितलं, स्वतःचा नियम न लपवता. वीस वर्षं नोकरी झालेले एक गुरुजी म्हणाले, "माझ्याही वर्गात हेच उत्तर येतं. मी मुलांना धांदरट म्हणायचो."

बसायच्या आधी तिने सगळ्यांना विचारलं, "भागाकारातही मी असंच काही चुकीचं सांगून ठेवलं असेल, तर ते कसं शोधायचं?" त्या प्रश्नावर परिषद पाऊण तास लांबली.