खार, फॉल्स सीलिंग आणि सोसायटीची एनओसी (माझा अनुभव)

संक्रांतीच्या आसपास सकाळी साडेसहाला डोक्यावर खरखर सुरू झाली. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये. नवरा म्हणाला उंदीर, सासूबाई म्हणाल्या पाल, मी म्हटलं एवढी मोठी पाल असेल तर मीच घर सोडते. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की रात्री चिडीचूप असतं, उजाडलं की धावपळ, मग दिवसभर शांत आणि दिवेलागणीला परत दहा मिनिटं खुडबुड. हे लक्षात ठेवा, रात्री आवाज आला तर उंदीर नाहीतर घूस, सकाळ-संध्याकाळ आला तर खार. ती रात्री झोपते, आपल्यासारखीच.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, हॉलच्या बाहेर आंब्याची फांदी भिंतीपासून हातभर. दोन वर्षांपूर्वी एसी बदलला तेव्हा त्या माणसाने पाइपसाठी नवीन भोक पाडलं आणि जुन्या भोकात थर्माकोल कोंबून वरून पुट्टी फासून गेला. पुट्टी पावसात गळून पडली, थर्माकोल खारीने कुरतडला आणि तिला पीओपीच्या सीलिंगच्या वर आमच्या हॉलएवढाच दुसरा हॉल मिळाला, ना भाडं ना मेंटेनन्स. एसी बदलणार असाल तर जुनं भोक सिमेंटने बुजवून घेतल्याशिवाय त्या माणसाला पैसे देऊ नका.

आधी सगळ्यांनी सांगितलेले उपाय केले. लसूण, मिरचीची पूड, मोबाइलवर मांजराचा आवाज. ऑनलाइन एक आवाजाचं यंत्र मागवलं नऊशे रुपयांचं, माणसाला ऐकू येत नाही पण प्राणी पळतात म्हणे. खार त्या यंत्राच्या वरच्या बाजूलाच बसून काहीतरी कुरतडायची, खाली मी. डांबराच्या गोळ्या तेवढ्या टाकू नका, बंद जागेत तो वास आपल्यालाच सहन होत नाही आणि आत पिल्लं असली तर त्यांचं काय होईल. पेस्ट कंट्रोलवाला आला, टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, उंदीर असता तर विषाचा केक ठेवून दिला असता, खारीला आम्ही हात लावत नाही." बरंच झालं, कारण औषध खाऊन ती सीलिंगमध्ये मेली असती तर महिनाभर घरात बसणं मुश्कील.

तर उपाय एकच, भोक बंद करणं. आणि आता खरी गोष्ट.

ते भोक बाहेरून, बीमच्या खाली, खिडकीतून हात पोचणार नाही अशा ठिकाणी. दोरीवर लटकून काम करणारा माणूस लागणार, दोरी गच्चीवरून सोडणार, गच्चीची किल्ली सोसायटीकडे. मी किल्ली मागायला गेले. सेक्रेटरी काकांनी किल्ली दिली नाही, एनओसीचा, म्हणजे ना-हरकत परवानगीचा फॉर्म दिला.

फॉर्मवर "कामाचे स्वरूप" म्हणून चौकटी होत्या, ग्रिल, एसी, कबूतर जाळी, इतर. मी "इतर" वर टिक करून शेजारी लिहिलं, भिंतीचे भोक बुजवणे (खार). काका चष्मा वर करून म्हणाले, "इतर असेल तर मीटिंगमध्ये घ्यावं लागतं." मी म्हटलं काका अडीच इंचाचं भोक आहे, एक घमेलं सिमेंटसुद्धा लागणार नाही. तर म्हणाले, "बाहेरून दिसतं ना? मग ते एलेव्हेशन." म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप. हा शब्द मी पुढच्या चार महिन्यांत इतक्यांदा ऐकला की आता कोणी नुसतं "एले" म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. तारीख होती 20 जानेवारी. मीटिंग महिन्याच्या पहिल्या रविवारी.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कोरम झाला नाही. कोणाच्या तरी घरचं लग्न होतं आणि अर्धी कमिटी तिकडे जेवायला. सोसायटीच्या उपविधींमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, महिन्यातून एकदा तरी कमिटीची सभा घ्यायची असं लिहिलेलं असतं, मी ते पान उघडून काकांना दाखवलं, ते शांतपणे म्हणाले, "सभा बोलावली होती ना, नोटीस आहे बोर्डवर."

या सगळ्या दिवसांत खार काय करत होती, तर घर बांधत होती. सासूबाई दुपारी वाती वळत बसतात, कापसाचं पुडकं ड्राय बाल्कनीत ठेवलेलं असतं. मी स्वतः पाहिलं, ती आली, पुडक्यातून कापूस ओढला, पुढच्या दोन्ही पायांनी गोल गोल करून तोंडात कोंबला, इतका की चेहराच दिसेना, नुसता कापसाचा गोळा आणि मागे शेपूट, आणि तशीच ग्रिलवरून भिंतीवर, भिंतीवरून भोकात. दहा मिनिटांनी पुन्हा हजर. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "घेऊ दे गं, थंडी आहे." काथ्याच्या पायपुसणीची एक कड गेली, एसीच्या पाइपवरचा काळा फोम गेला. मग एके दिवशी हॉलमधला एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला. इलेक्ट्रिशियनने सीलिंगचा लाइट काढून वायर खाली ओढली तर चार इंचभर प्लॅस्टिक सोललेलं, आतली तांब्याची तार उघडी. तिचे दात आयुष्यभर वाढत राहतात त्यामुळे तिला कुरतडायला काहीतरी लागतंच, वायर काय आणि फांदी काय, तिला सारखंच. तुमच्या सीलिंगमधल्या वायरी नुसत्या मोकळ्या सोडल्या असतील तर आधी पाइपमधून घेऊन टाका, खार असो नसो.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस वरून नवीन आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा, चीं चीं. मी नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याने सीलिंगकडे. पिल्लं.

वनखात्याच्या हेल्पलाइनला, 1926 ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, म्हणाल्या पकडू नका, आता भोक बुजवू नका, पिल्लं बाहेर पडू द्या. पिल्लांचे डोळे उघडायलाच तीन आठवडे लागतात, आपलं आपण खाऊन फिरायला लागेपर्यंत आठ-दहा आठवडे. म्हणजे एप्रिल संपेपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. जानेवारीत किल्ली मिळाली असती तर दुपारी ती बाहेर असताना दहा मिनिटांचं काम होतं हो!

आणि मग अर्थातच मार्चच्या पहिल्या रविवारी माझा विषय मीटिंगमध्ये आला. मी मुद्दाम हजर राहिले. पाऊण तास चर्चा. एकांचं म्हणणं, कबूतर जाळीचा ठराव झालेला आहे तर नायलॉनची जाळी लावा. मी म्हटलं नायलॉन ती दोन मिनिटांत कातरते, दोरा म्हणून घरट्यालाच नेईल. दुसऱ्यांचं म्हणणं, लोखंडी जाळी नको, गंजाचे ओघळ येतात, रंग आत्ताच काढलाय. हे मात्र बरोबर होतं, मान्य करते, शेवटी स्टेनलेस स्टीलची अर्ध्या इंचापेक्षा बारीक जाळी ठरली आणि त्यावर भिंतीच्या रंगाचं सिमेंट. चेअरमन म्हणाले, "रामाचं जनावर आहे, राहू द्या की बिचारीला." मी म्हटलं रामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, फॉल्स सीलिंग करून दिलं नव्हतं. दोघं-तिघं हसले आणि त्या हसण्यात ठराव पास झाला.

10 मार्चला एनओसी हातात आली, दोन हजार डिपॉझिट भरून. सही, शिक्का सगळं व्यवस्थित. खाली बारीक अक्षरात, "सदर परवानगी 30 दिवसांसाठी वैध राहील."

मी तो कागद घेऊन जिन्यातच बसले. दीड महिना एनओसी नव्हती तेव्हा भोक बंद करता आलं असतं. आता एनओसी होती आणि भोक बंद करता येत नव्हतं, आणि जेव्हा करता येणार तेव्हा एनओसी नसणार. काकांना म्हटलं तारीख तेवढी मे अखेर करून द्या, पेनाने. म्हणाले मुदतवाढीचा अर्ज करा, मीटिंगमध्ये घेऊ. मी म्हटलं पिल्लांनाच सांगते मग, एप्रिलच्या आठ तारखेपर्यंत मोठी व्हा. एप्रिलच्या मीटिंगला माझा अर्ज "नजरचुकीने" राहिला. नंतर मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करीन म्हणून मेसेज टाकला, केली नाही, पण मे च्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिलाच विषय माझा होता. हा मेसेज मी फेब्रुवारीतच टाकायला हवा होता.

मधल्या काळात आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की सकाळी गजर लावणं बंद केलं. एप्रिलच्या मध्यावर पिल्लं दिसली, तीन, एसीच्या आउटडोअर युनिटवर रांगेत बसलेली, शेपट्या अजून बारीक, फुललेल्या नाहीत. एक खाली छज्ज्यावर पडलं. तुमच्याकडे असं झालं तर लगेच घरात आणून गाईचं दूध पाजू नका, ते त्यांना सोसत नाही. छोट्या खोक्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवा, खोकं तिथेच जवळपास, उन्हापासून आणि मांजरापासून लांब, आणि आपण आत जाऊन पडदा ओढा. आमच्याकडे तासाभरात आई आली, मानेपाशी तोंडात धरून घेऊन गेली. माझी सासू तोपर्यंत पडद्याच्या फटीतून डोळा लावून उभी, गुडघे दुखतात म्हणून एरवी देवापुढेसुद्धा खुर्ची घेते.

आत कोणी नाही हे कसं ओळखायचं, तर वर्तमानपत्राचा बोळा. मी काठीला चिमटा बांधून खिडकीतून वाकून भोकात बोळा सैल बसवला, नवरा मागून माझी ओढणी धरून उभा. आत-बाहेर कोणी केलं की बोळा पडतो. पहिले तीन वेळा सकाळी खाली पडलेला मिळाला. मे च्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस आणि दोन रात्री बोळा जसाच्या तसा. त्याच आठवड्यात मुदतवाढ मिळाली, किल्ली मिळाली, दोरीवाला आला, जाळी बसवून सिमेंट मारून खाली उतरला. वेळ किती लागला? मी घड्याळ लावलं होतं. अठरा मिनिटं. त्यातली पाच तो गच्चीवर चहा पीत होता.

फांदी पण छाटून घ्या असं सगळे सांगतात, पण झाड तोडायलाच नाही, फांदी छाटायलासुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. ते मी या जन्मी करणार नाही.

नंतर घरटं काढायला सुताराला बोलावलं, तसंच ठेवलं तर त्यात किडे होतात. त्याने पीओपीला दीड फुटाचा चौकोन कापून झाकण करून दिलं, आणि खाली काढलं ते घरटं फुटबॉलएवढं, बाहेरून काथ्या आणि काळा फोम, आत सगळा वातींचा कापूस, माझ्या एका ब्लाउजचं अस्तरसुद्धा सापडलं. सुतार भोकाकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे आतूनच जाळी ठोकून बुजवता आलं असतं की, बाहेरून कशाला?"

झाकणासकट त्याने पंधराशे घेतले. दिवाळीला सीलिंगचा रंग नवा काढला होता म्हणून जानेवारीत ते कापायचा विचारसुद्धा आम्ही केला नव्हता, आणि आतून करायला कोणाची एनओसी लागली असती असं मला वाटत नाही.

डिपॉझिट अजून मिळालेलं नाही. काम पूर्ण झाल्याचा फॉर्म वेगळा असतो, तो भरून दिलाय, पहिल्या रविवारी घेतो म्हणालेत.