पुढचा कोर्स कोणता करू?

समुपदेशन करणारी माणसं हा प्रश्न वर्षातून एकदा तरी विचारतातच, आणि नोंदणी नूतनीकरणाची तारीख जवळ आली की जरा घाईने विचारतात. प्रश्नासोबत यादीही येते. सीबीटीची (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीची) पहिली लेव्हल झाली, ट्रॉमावरचं, म्हणजे मानसिक आघातावरचं, दोन दिवसांचं वर्कशॉप झालं, आर्ट थेरपीची तोंडओळख झाली, माइंडफुलनेसचा ऑनलाइन कोर्स निम्मा झालाय. आता पुढे काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: आधी स्वतःच्या एका सेशनचं रेकॉर्डिंग ऐका, कोर्स मग ठरवू. ते न ऐकता कोर्स निवडणं म्हणजे डोळे न तपासता चष्मा करून घेणं.

तासांचा हिशोब कुणाला चुकलेला नाही, हे मान्य. अमेरिकेत एनबीसीसी या संस्थेच्या प्रमाणित समुपदेशकाला ५ वर्षांत प्रशिक्षणाचे १०० तास दाखवावे लागतात. इतर ठिकाणचे आकडे वेगळे, पण मोजमाप तेच: तास. तास मोजायला सोपे म्हणून मोजले जातात. हजेरीपटावर सही झाली की प्रमाणपत्र मिळतं. सोमवारी क्लायंटसमोर बसल्यावर तुमचं वाक्य बदललं का, हे ते प्रमाणपत्र सांगत नाही.

हे नुसतं मत नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे बदलाची प्रेरणा क्लायंटच्याच बोलण्यातून काढण्याची, पद्धत घडवणारे विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच वर्कशॉपची परीक्षा घेतली. २००१ च्या छोट्या अभ्यासात वर्कशॉप करून गेलेल्यांनी ‘आता आम्हाला चांगलं जमतं’ असं कळवलं. त्यांच्या सेशनच्या टेप ऐकल्या तर बदल थोडासाच होता, जुन्या सवयी तशाच होत्या आणि क्लायंटच्या बोलण्यात फरक नव्हता. मग २००४ मध्ये १४० जणांना पाच गटांत वाटलं: नुसतं वर्कशॉप, वर्कशॉप आणि टेपवर फीडबॅक, वर्कशॉप आणि कोचिंग, तिन्ही एकत्र, आणि पाचवा गट प्रतीक्षेतला. चार महिन्यांनी नुसतं वर्कशॉप केलेल्यांचं कौशल्य ओसरत गेलं होतं. फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेल्यांचं टिकलं. क्लायंटच्या बोलण्यात फरक दिसला तो फक्त तिन्ही गोष्टी मिळालेल्या गटात.

आपलं आपल्याला का कळत नाही? एक तर आपण स्वतःला गुण सढळ हाताने देतो. २०१२ च्या एका पाहणीत १२९ थेरपिस्टना स्वतःची इतरांशी तुलना करायला सांगितली, तर सरासरीपेक्षा कमी असं एकानेही सांगितलं नाही. दुसरं म्हणजे, आपल्या कामात चूक लगेच समोर येत नाही. क्लायंट भांडत नाही. दारात उभं राहून ‘बरं वाटलं’ म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं की ५५० क्लायंटपैकी शेवटी कुणाची अवस्था आणखी बिघडलेली असेल. त्यांनी तिघांबद्दल तसं भाकीत केलं. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांपैकी एकाबद्दलचाच अंदाज खरा ठरला. नुसत्या अनुभवावरही विसंबता येत नाही. २०१६ मध्ये १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांवर क्लायंट यांची कित्येक वर्षांची आकडेवारी तपासली, तर सरासरी परिणाम वर्षांगणिक किंचित उतरताच निघाला. त्यातली चांगली बाजू म्हणजे मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण अनुभवाबरोबर घटलं होतं. माणसं टिकवणं आपण शिकतो, बरं करणं आपोआप शिकत नाही.

तर टेप. संमती लेखी घ्या, आणि तिच्यात पाच गोष्टी स्पष्ट असू द्या: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार, आणि नकार दिला तरी समुपदेशनावर काही परिणाम होणार नाही. दिलेली संमती नंतर मागे घेता येते, हेही तोंडी सांगा. पहिल्या सेशनला किंवा माणूस संकटात असताना विचारू नका. तेव्हाच्या ‘हो’ला अर्थ नसतो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो फोनवर. रेकॉर्डिंग फोनमध्येच राहिलं असं वाटतं, पण ऑटो बॅकअप चालू असल्यामुळे ते कधीच क्लाउडवर गेलेलं असतं, कधी कधी घरातल्या सगळ्यांच्या सामाईक खात्यावर. बॅकअप बंद करा, नाहीतर इंटरनेट नसलेला साधा रेकॉर्डर वापरा. फाईलला क्लायंटचं नाव देऊ नका. पुसायची तारीख त्याच दिवशी डायरीत लिहा. क्लायंट नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला. मग सेशन संपल्याबरोबर आठवेल तसा दहा मिनिटांचा संवाद शब्दशः लिहून काढा. फक्त इतकं ध्यानात ठेवा की आठवणीतला समुपदेशक खऱ्यापेक्षा नेहमी शहाणा असतो.

पन्नास मिनिटं ऐकू नका. मधली २० मिनिटं घ्या, आणि ती आधीच ठरवा. ‘छान झालेला भाग’ शोधत बसू नका. कागदावर दोन रकाने: प्रश्न आणि रिफ्लेक्शन, म्हणजे क्लायंटचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवणं. बोलाल तेव्हा त्या त्या रकान्यात काडी मारा. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची टेप तपासण्याची एमआयटीआय नावाची पद्धत आहे. तिच्यात एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन म्हणजे कामचलाऊ, आणि दोन म्हणजे चांगलं. शिवाय रिफ्लेक्शनपैकी ४० ते ५० टक्के तरी नुसती पुनरुक्ती न करता अर्थ पुढे नेणारी हवीत. हे आकडे त्या पद्धतीचे आहेत. सीबीटीच्या सेशनला जसेच्या तसे लावू नका. पण पहिल्यांदा मोजणाऱ्यांच्या कागदावर प्रश्नांच्या रकान्यात काड्यांचं जंगल आणि शेजारी दोन-तीन काड्या, हे चित्र फार नेहमीचं आहे.

आता एकच जागा जवळून बघू. समजा, क्लायंट म्हणते, “सगळे विचारतात, बरी आहेस ना? मी हो म्हणते. मग विषय संपतो.” समुपदेशक विचारतो, “मग तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?” प्रश्न चुकीच्या हेतूने विचारलेला नाही, पण ‘का’ आला की ती कारणं द्यायला लागते, स्वतःची बाजू मांडते. “तुम्ही हो म्हणता आणि बोलणं तिथेच थांबतं,” हे साधं रिफ्लेक्शन, चालेल. “विचारतात सगळे, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही,” हे एक पाऊल पुढे. यात चूक होण्याचा धोका आहे आणि तो पत्करावा, कारण चुकलं तर ती दुरुस्त करते, आणि दुरुस्त करताना जे बोलते ते बहुतेक वेळा प्रश्नाच्या उत्तरापेक्षा खोल असतं. आता याच वाक्याच्या शेवटी ‘ना?’ लावा: “कुणी थांबत नाही, ना?” रिफ्लेक्शनचा प्रश्न झाला, तोही ‘हो’ वदवून घेणारा. मराठीत हा ‘ना’ इतका सहज निसटतो की टेपशिवाय सापडत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक, जे इंग्रजीतून झालेल्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. आपलं ‘वाटणं’ विचारालाही चालतं आणि भावनेलाही. “तेव्हा काय वाटलं?” असं विचारलं की उत्तर येतं, “वाटलं, तो मुद्दाम करतोय.” हा विचार झाला, पण विचार आणि भावना वेगळ्या लिहायच्या सीबीटीच्या तक्त्यात तो भावनेच्या रकान्यात जाऊन बसतो आणि पुढचा सगळा तक्ता तिरका होतो. दोन वेगळे प्रश्न लागतात: “मनात कोणता विचार आला?” आणि “त्या क्षणी राग होता, भीती होती, की लाज?”

टेपमधून सापडलेल्या गोष्टींतली एकच उचला. तीन उचलल्या की एकही होत नाही. जोडीदार घ्या, आठवड्यातून तीनदा १५ मिनिटं, सहा ते आठ आठवडे. जोडीदार क्लायंटचं एकच वाक्य म्हणणार, तुम्ही उत्तर देणार. पुन्हा तेच वाक्य, उत्तर वेगळं. असं पाच वेळा. बिघडतं कुठे तेही सांगते. जोडीदार ‘छान’ म्हणत राहतो. किंवा क्लायंट इतका नाट्यमय रंगवतो की सराव बाजूला राहून अभिनय सुरू होतो. किंवा दोघं त्या कौशल्याबद्दल चर्चा करतात आणि पंधरा मिनिटं संपतात. जोडीदाराचं काम एवढंच: आवाज शेवटी वर गेला का, ‘ना’ आला का, वाक्य लांबलं का. थेरपिस्ट एकटे बसून किती सराव करतात याचा त्यांच्या परिणामांशी संबंध २०१५ च्या एका अभ्यासात दिसला. पण त्या विश्लेषणात थेरपिस्ट १७च होते, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नका.

सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपलं काम तपासण्याचे, तास बहुतेक वाया जातात ते केस सांगण्यात. पन्नासातली चाळीस मिनिटं हकिगत, दहा मिनिटं सल्ला. हकिगतीत तेच येतं जे तुमच्या लक्षात आलं. जे निसटलं ते सुपरव्हायझरला दिसणार कसं? तीन मिनिटांत पार्श्वभूमी, एक नेमका प्रश्न, आणि पाच मिनिटांची टेप, एवढं घेऊन जा. नॉर्मन कॅगन यांची इंटरपर्सनल प्रोसेस रिकॉल ही जुनी पद्धत इथे कामाला येते: टेप थांबवण्याचं बटण समुपदेशकाच्या हातात; जिथे आत काही हललं तिथे तो थांबवतो. सुपरव्हायझर ‘असं म्हणायला हवं होतं’ न सांगता विचारतो, ‘तेव्हा मनात काय चाललं होतं? काय बोलायचं राहिलं?’ सुपरव्हायझर मिळतच नसेल तर तिघाचौघांचा गट करा. दीड तास, प्रत्येकाची एक टेप, आणि गोपनीयतेचा लेखी करार.

क्लायंटकडून मिळणारा फीडबॅकही शिक्षणच आहे, पण फॉर्म भरून फाईलला लावला तर नाही. सेशनबद्दल क्लायंटने भरायच्या सेशन रेटिंग स्केलवर १० सेंटिमीटरच्या चार रेघा असतात, एकूण गुण ४०. ३६ च्या खाली आलं की त्याच दिवशी विचारायचं. दर वेळी ४० पैकी ४० येत असतील तर क्लायंट सभ्य आहे, एवढंच कळतं. मग प्रश्न बदला: “आज एक गोष्ट कमी करायची असती, तर कोणती?” पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजण्याची प्रश्नावली वापरत असाल तर नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, माणूस खोलीत असतानाच वाचा. संध्याकाळी बेरीज करताना नव्हे.

मग कोर्स करूच नयेत का? करावेत, जिथे ज्ञानच बदललंय तिथे. आयसीडी-११ हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात लांबलेल्या शोकाचा विकार आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडी (आघातानंतरच्या तणावविकाराचा गुंतागुंतीचा प्रकार) हे वेगळे नोंदले गेले. त्याआधी शिकलेल्यांनी ते नीट शिकायलाच हवं. आत्महत्येच्या जोखमीबद्दल तर टाळाटाळ नको. ‘मी जिवाचं काही करणार नाही’ असं लिहून घेण्याचा करार अजून काही ठिकाणी चालतो. तो उपयोगी ठरतो याचा भक्कम पुरावा नाही, आणि समुपदेशक मात्र निर्धास्त होतो. त्याऐवजी स्टॅन्ली आणि ब्राउन यांचा सुरक्षा आराखडा शिका. त्याचे टप्पे सहा: धोक्याची पूर्वचिन्हं, स्वतः करता येतील असे उपाय, लक्ष वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, तज्ज्ञ आणि संकटकाळचे संपर्क, आणि घातक साधनं दूर ठेवणं. सहावा टप्पा अवघड वाटतो म्हणून गाळला जातो, आणि तोच गाळायचा नसतो. दुसरा घोटाळा म्हणजे समुपदेशक आपल्याच शब्दांत भरतो: ‘संगीत ऐकणे’. कोणतं, कशावर, रात्री दोन वाजता ते हाताशी असेल का? हे क्लायंटच्या शब्दांत आलं पाहिजे. हे वाचून येत नाही, रोल-प्लेमध्ये चुकून येतं.

कोर्सची चौकशी करताना विचारा: आमची टेप कुणी ऐकणार का? सरावाच्या वेळी एका प्रशिक्षकामागे किती जण? संपल्यावर पुढची भेट कधी? अंदाजासाठी एक माप देते. ईएमडीआर या ट्रॉमावरच्या, डोळ्यांच्या हालचाली वापरणाऱ्या उपचारपद्धतीच्या मूलभूत प्रशिक्षणाला अमेरिकेतली संघटना ईएमडीआरआयए २० तास शिकवणं, २० तास देखरेखीखालचा सराव आणि १० तास सल्लामसलत मागते. हे डोळ्यांसमोर ठेवून ‘दोन दिवसांत सर्टिफाइड ट्रॉमा थेरपिस्ट’ ही जाहिरात वाचा.

वर्षाला ३० तास हाताशी असतील, तर माझी वाटणी अशी: ६ तास नीतिमत्ता, गोपनीयता आणि जोखीम यांना, ८ तास एका, एकाच, वर्कशॉपला, उरलेले १६ टेप, जोडीचा सराव आणि गटाला. हे १६ तास तुमची नोंदणी संस्था धरते का, ते आधी लेखी विचारून घ्या. कुठे धरतात, कुठे नाहीत. धरत असतील तर तारीख, वेळ, कोण हजर, काय केलं आणि कोणतं वाक्य बदललं, एवढी नोंद त्याच दिवशी करा. वर्षाअखेर आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

आणि पहिली टेप दोनदा ऐका. पहिल्या वेळी स्वतःच्या आवाजाचीच लाज वाटत राहते, कानावर दुसरं काही पडत नाही. कागद दुसऱ्या वेळी घ्या.