तारखेपुढची ओळ

आठवीत मी वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी होते आणि धावायची हौस मात्र कुणापेक्षा कमी नव्हती. शाळेच्या संघाच्या निवडीला शंभर मीटरच्या रेषेवर उभी राहिले आणि शेवटून दुसरी आले. खेळाच्या सरांनी माझं नाव यादीतून खोडलं नाही. हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तू वेळ घे. धावायलाही ये आणि वेळ घ्यायलाही ये." दोन वर्षं मी चुन्याच्या त्या रेषेशी उभी राहून इतरांचे सेकंद मोजले आणि त्यांच्यामागून धावले. दहावीच्या वर्षी उंची अशी झपाट्याने वाढली की गणवेश दोनदा शिवावा लागला. त्या वर्षी आठशे मीटरच्या संघात माझं नाव आलं. सर काहीच बोलले नाहीत. फक्त हात पुढे करून स्टॉपवॉच मागून घेतलं.

त्याच सुमारास जीवशास्त्राच्या बाईंनी ओल्या टीपकागदावर बिया रुजवून रोजची नोंद ठेवायला सांगितलं होतं. मी पहिल्या तीन दिवसांच्या तारखा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे 'काही नाही'. वही परत आली तेव्हा लाल शाईत शेरा होता : 'तारीख लिहिलीस. आता काय दिसलं ते लिही.' मी पुन्हा भिंग घेऊन बसले. बी फुगली होती, टरफलावर सुरकुत्या आल्या होत्या, एका बाजूला बारीक चीर गेली होती. 'काही नाही' म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा ही दोन माणसं पहिल्यांदा समोर आली, कारण माझं आजचं सगळं आयुष्य त्या दोघांनी वाटून घेतलं आहे. दिवसा मी कृषिविद्येचं काम करते, म्हणजे गव्हाच्या प्रयोगांचं : कधी पेरावं, किती अंतरावर, कोणत्या टप्प्यावर किती पाणी आणि किती नत्र. आठवड्यातल्या चार संध्याकाळी बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना धावायला शिकवते. याला आता सतरा वर्षं झाली. 'दोन्ही कसं जमवतेस?' हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर इथे नीट देते.

पीक माझ्यासाठी थांबत नाही, हे आधी मान्य करावं लागलं. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं, फुटतात. त्या वेळी पाण्याचा ताण बसला तर फुटवे कमी येतात आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते भरून येत नाही. पोटरी (ओंबी पानाच्या आवरणात फुगते तो टप्पा), ओंबी निसवणं, फुलोरा, दाणा भरणं, प्रत्येक टप्प्याची नोंद त्या त्या दिवशीच व्हावी लागते. पण हे टप्पे कधी येतील याचा अंदाज बांधता येतो आणि तो कॅलेंडरवरून नाही, उष्णतेवरून बांधतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, सरासरी काढायची, ज्या तापमानाखाली पिकाची वाढ थांबते ते वजा करायचं आणि रोजची बेरीज करत जायचं. मक्यासाठी ही खालची मर्यादा १० अंश धरतात. कमाल ३०, किमान १६ असेल तर त्या दिवसाच्या खात्यात १३ अंश जमा. फ्रेंच शास्त्रज्ञ रोमर यांनी ही कल्पना १७३५ साली मांडली आणि ती आजही रोज वापरात आहे. थंडी लांबली की माझा फुलोरा पुढे सरकतो, ऊन चढलं की अलीकडे येतो. हंगामाच्या सुरुवातीला मी ही बेरीज आणि स्पर्धांचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडते, आणि ज्या आठवड्यांत मी मैदानावर नसेन ते मुलांच्या तक्त्यावर आधीच लाल करून टाकते. त्या दिवशी सराव कोण घेणार हे मुलंच ठरवतात.

दुसरी गोष्ट थकव्याची. पहाटे वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी ओल, पाहून शेतात उतरायचं, दुपारपर्यंत मातीचे नमुने काढायचे आणि मग मैदानावर जायचं, अशा दिवशी माझा आवाज चढतो. मुलांची काही चूक नसते. म्हणून नमुने काढण्याच्या आठवड्यात मी वेगाचा सराव ठेवतच नाही. त्या दिवसांत सावकाश पळणं, ताण देण्याचे व्यायाम, रिलेतल्या बॅटनची, म्हणजे हातातल्या नळीची, देवघेव. हा नियम करायला मला चार वर्षं लागली आणि तो आधी केला असता तर दोन-तीन मुलांशी मी जास्त चांगली वागले असते.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. प्रशिक्षक म्हणून माझ्या तिसऱ्या वर्षी एका मुलाला मी संघातून वगळलं. चणीने लहान, पण चिवट. वेळा कमी पडत होत्या आणि मी यादीवरून बोट फिरवून त्याचं नाव गाळलं. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

त्याच वर्षी कापणीच्या वेळी मी एका नव्या मदतनिसाला समजावत होते की वाफ्याच्या कडेच्या ओळी वजनात धरायच्या नाहीत. कडेच्या रोपांना ऊन जास्त मिळतं, मुळांना जागा जास्त मिळते, त्यामुळे ती जोमदार दिसतात. तो जोम वाणाचा नसतो, खताचाही नसतो, जागेचा असतो. म्हणून कड सोडून आतलं पीक कापायचं आणि तेच तोलायचं. बोलता बोलता मी थांबले. माझ्या संघातल्या मुलांच्या जन्मतारखा डोळ्यांसमोर आल्या. बहुतेक सगळे वयोगटाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेले, आणि तो मुलगा अगदी शेवटच्या महिन्यातला. एकाच गटात धावणाऱ्या दोन मुलांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर होतं, आणि मी कडेची ओळ मोजून तिला वाणाचा गुण म्हणत होते. खेळाच्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्ममहिन्यांवरून ते १९८०च्या दशकातच दाखवून झालं होतं. मला मात्र ते गव्हाच्या वाफ्यात उभं राहून कळलं. ज्या मुलीला सरांनी दोन वर्षं थांबून पाहिलं, तिनेच हे करावं याची टोचणी अजून जात नाही.

तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची मोजते. उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण एकाच वयाच्या दोन मुलांमध्ये तो दोन-तीन वर्षंही मागेपुढे असू शकतो. त्या काळात पाय लांबतात, तोल बिघडतो, काल जमणारी उडी आज जमत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली, स्नायूबंध हाडाला जोडला जातो तिथे, दुखू लागतं. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढलेल्या मुलाच्या उड्या मी निम्म्या करते आणि त्याच्या पालकांना बोलावून सांगते की हा आळस नाही. शेतात दाट उगवण झाली की विरळणी करतात, ते पिकाच्या भल्याचं असतं. मैदानावर मला विरळणी मान्य नाही.

हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे अमेरिकन गहू-शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते, ती केवळ गव्हामुळे नाही. ते शाळेत आणि विद्यापीठात कुस्ती खेळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कुस्ती सन्मानदालनात त्यांचं नाव आहे. मेक्सिकोत गव्हावर काम करत असतानाच त्यांनी लहान मुलांना बेसबॉल शिकवला. एकाच वर्षात दोन वेगळ्या प्रदेशांत दोन हंगाम घेणारा हा माणूस, १९७० साली नोबेल शांतता पुरस्काराची बातमी आली तेव्हाही गव्हाच्या शेतातच होता. इतकं काम असलेल्या माणसाने मुलांसाठी वेळ काढला होता. मला वेळ नाही असं वाटतं त्या दिवशी मी हे आठवते.

गेल्या हंगामातली एक घटना सांगते. आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम दिवस आणि माझ्या प्रयोगाची कापणी एकाच दिवशी आली. दाणा वाळला होता, सकाळपासून वारा सुटला होता आणि त्या बाजूने ढग येत होते. पाऊस लागला तर पीक लोळलं असतं, वर्षाचे आकडे हातचे गेले असते. मी मुलींना फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग चार गुणिले शंभर मीटर रिलेची शेवटची धावपटू म्हणाली, "ठीक आहे मॅडम, तुम्ही कापा."

रिलेत बॅटन घेणारी मुलगी आपल्या मागे पावलं मोजून पट्टीची खूण लावते. येणारी त्या खुणेवर पोचली की ही वळून न बघता सुटते. खूण लांब पडली तर ही आधीच निघून जाते आणि बॅटन हाताला लागत नाही. जवळ पडली तर दोघी एकमेकींवर आदळतात. आमच्या खुणा मी स्वतः ठरवून दिल्या होत्या, महिनाभर घोटून घेतल्या होत्या.

दुपारी शेवटच्या पेंढ्यांना चिठ्ठ्या बांधत असताना फोन वाजला. तिसऱ्या आल्या होत्या. मी शर्यतीबद्दल विचारलं तर शेवटची धावपटू धाप टाकतच सांगू लागली, "वारा समोरून होता मॅडम. तिसरी मुलगी नेहमीपेक्षा हळू येणार हे कळत होतं, म्हणून मी खूण दोन पावलं आत घेतली. विचारायला तुम्ही नव्हता."

तिथे असते तर मी तिला ती खूण हलवू दिली नसती. वाऱ्याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता, आणि तोच वारा सकाळपासून माझ्या अंगावर येत होता.

संध्याकाळी नोंदवही उघडली. तारीख लिहिली. त्यापुढे वाऱ्याची दिशा, ढग, दाण्यातला ओलावा, प्रत्येक वाफ्याचं वजन. आणि सगळ्यांत खाली, समासात : 'चौथ्या धावपटूची खूण, दोन पावलं आत.'